आर्टेमिसचे खांब आणि ह्यांची झाकणं

"रोमन शहर बघायचं तर रोमला जा की!" असं शेजारणीपासून ट्रॅव्हलवाल्यापर्यंत सगळ्यांनी सांगून पाहिलं. पण मी बत्तीस वर्षं तालुक्याच्या शाळेत इतिहास शिकवला. राजधानीत काय घडतं ते पुस्तकात असतंच. त्यातलं तालुक्याच्या गावात काय पोचतं, किती पोचतं आणि पोचल्यावर त्याचं काय होतं, हे माझं खरं कुतूहल. म्हणून जॉर्डनमधलं जेराश. जुनं नाव गेरासा. रोमन साम्राज्याच्या पूर्वेच्या कडेला, आधी सीरिया आणि नंतर अरेबिया प्रांतात असलेलं, मध्यम आकाराचं, बऱ्यापैकी पैसा असलेलं गाव.

हे नगरपालिकेच्या पाणीपुरवठा आणि ड्रेनेज खात्यातून निवृत्त झालेत. "तिथं दगडांशिवाय काय आहे?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि निघायच्या आदल्या रात्री गुपचूप बॅगेत टॉर्च आणि मोजायची टेप टाकली.

दिवस पहिला : अम्मान

मुंबईहून आखातात विमान बदलून दुपारी अम्मानला उतरलो. मार्चचा शेवटचा आठवडा होता. हवा महाबळेश्वरची, ऊन सोलापूरचं. जॉर्डन पास घरूनच काढला होता. त्यात व्हिसाची फी आणि बहुतेक सगळ्या अवशेषांचं तिकीट येतं, फक्त देशात किमान तीन रात्री राहावं लागतं. आम्ही चार राहणार होतो.

हॉटेलच्या गच्चीवरून मला टेकड्यांवर चढत गेलेली पांढरी, दुधी दगडाची घरं दिसली. ह्यांना दिसल्या टाक्या. प्रत्येक गच्चीवर दोन, चार, सहा. नळाला पाणी रोज नसतं, बहुतेक भागांत आठवड्यातून एखादाच दिवस येतं, तेवढ्यात टाकी भरून घ्यायची आणि पुढचे दिवस काढायचे, असं खाली काउंटरवरच्या मुलानं सांगितलं. ह्यांच्या चेहऱ्यावर एकदम आपलं माणूस भेटल्यासारखा भाव आला. प्रवास त्यांच्यासाठी तिथं सुरू झाला असावा.

संध्याकाळी रोमन थिएटर. अम्मानचं त्या काळातलं नाव फिलाडेल्फिया. टेकडीच्या उतारालाच पायऱ्या बसवलेलं हे थिएटर अँटोनायनस पायस या सम्राटाच्या काळातलं, म्हणजे दुसऱ्या शतकाच्या मध्याचं. सहा हजार माणसं बसतील एवढं. आजही शहराच्या ऐन गर्दीत आहे आणि पायऱ्यांवर कॉलेजची पोरं चहा पीत बसलेली असतात. वर किल्ल्यावर हर्क्युलिसच्या देवळाचे खांब आहेत, आणि त्याच्या प्रचंड संगमरवरी पुतळ्याची फक्त हाताची बोटं आणि कोपर. बाकी पुतळा कुठं गेला? चुनाभट्टीत, असं म्हणतात. संगमरवर भाजला की उत्तम चुना होतो.

फलाफल, हुम्मुस आणि गरम खुब्ज खाऊन झोपलो. शाकाहाऱ्याचे इथं हाल होत नाहीत, ही एक मोठीच सोय.

दिवस दुसरा : कमान ते कारंजं

अम्मानहून जेराश उत्तरेला सुमारे ४८ किलोमीटर. वाटेत झरका नदी ओलांडली. नदी म्हणजे आपल्या ओढ्याएवढी, पण तिच्या दोन्ही बाजूंनी हिरवळ. मग ऑलिव्हच्या बागा, पाइनच्या टेकड्या, आणि एका वळणावर रस्त्याच्या कडेलाच एकदम हेड्रियनची कमान.

सम्राट हेड्रियन इसवी सन १२९-१३० च्या हिवाळ्यात गेरासाला आला, त्याच्या स्वागतासाठी ही बांधली. तीन दरवाजे, उंची वीस मीटरच्या वर. मी तिच्यापुढे बराच वेळ उभी राहिले ते उंचीमुळे नव्हे. खांबांच्या पायाशी कोरलेली अकॅन्थसची पानं आहेत. ही पानं कॉरिन्थियन खांबाच्या डोक्यावर असतात, हे कुठल्याही पुस्तकात मिळेल. इथल्या कारागिरानं ती खालीही लावली आहेत. खांब पानांच्या द्रोणातून उगवल्यासारखा दिसतो. रोमहून नमुना आला असेल, पण गावच्या पाथरवटानं त्यात आपलं काहीतरी घातलंच.

कमानीवरच्या लेखाची भाषा ग्रीक. लॅटिन ही वरच्या सरकारची आणि लष्कराची. गावाचा कारभार ग्रीकमध्ये, आणि घरात बहुधा अरमाईक. तारीखही रोमन पद्धतीची नाही. रोमन सेनापती पॉम्पी याने इसवी सनापूर्वी ६३ मध्ये हा मुलूख घेतला, तेव्हापासून इथली वर्षं मोजली जात. कमानीवर वर्ष १९२ आहे. त्यातून ६३ वजा केले की १२९. आपण शालिवाहन शकात ७८ मिळवतो, इथं ६३ वजा करायचे. एवढं एक गणित जमलं की इथले बरेच लेख आपल्याशी बोलायला लागतात.

आता गंमत. ही कमान गावाच्या वेशीवर नाही. खरी वेस, दक्षिण दरवाजा, तिथून साडेचारशे मीटर आत आहे. गाव कमानीपर्यंत वाढवायचं असा बेत होता. कमानीच्या दोन्ही बाजूंना तट जोडता यावा म्हणून दगड ओबडधोबड सोडलेत. तट कधी आलाच नाही. ह्यांनी त्या ओबडधोबड कडेवरून हात फिरवला आणि म्हणाले, "हद्दवाढ मंजूर. निधी नामंजूर."

कमान आणि वेस यांच्या मधल्या जागेत शर्यतींचं मैदान आहे, हिप्पोड्रोम. धावपट्टी २४५ मीटर लांब आणि ५२ रुंद, पंधरा हजार प्रेक्षकांसाठी. रोमन जगातल्या अशा मैदानांत हे अगदी लहान. रथ थांबायच्या दहा फाटकांची कमानीदार रांग पुन्हा उभी केली आहे. पण मी रेंगाळले ती बैठकांच्या खालच्या खोल्यांपाशी. शर्यती बंद पडल्यावर त्या खोल्यांत कुंभार आले, भट्ट्या लागल्या. पुढे सहाव्या-सातव्या शतकात याच खोल्यांत घाईघाईनं शेकडो प्रेतं टाकलेली सापडली. अलीकडे त्यांच्या दातांतून प्लेगच्या जंतूचा अंश मिळाला. हा सहाव्या शतकातल्या सम्राट जस्टिनियनच्या काळापासून पसरलेला प्लेग. पुण्यात १८९७ साली ज्याच्यामुळे घरं ओस पडली तोच जंतू. माझ्या पणजीची दोन मुलं त्यात गेली, असं आजी सांगायची. तेराशे वर्षांचं अंतर आणि जंतू तोच, हे कळल्यावर त्या अंधाऱ्या खोलीत वाकून बघायचं धैर्य होईना. ह्यांनी टॉर्च काढला होता, तो परत ठेवला.

दक्षिण दरवाज्यातून आत गेलं की डावीकडे उंचावर झ्यूसचं, म्हणजे ग्रीकांच्या देवराजाचं, देऊळ आणि समोर अंडाकृती चौक. फोटोंत हाच दिसतो. सुमारे ९० मीटर बाय ८०. भोवती आयोनिक, म्हणजे डोक्यावर गुंडाळीसारखी वळणं असलेल्या, खांबांची रांग दोन्ही हात पसरल्यासारखी. आकार असा का, तर झ्यूसच्या देवळाची दिशा एक आणि शहराच्या मुख्य रस्त्याची दुसरी. दोन्ही आधीच ठरलेलं, कोणीच सरकायला तयार नाही. मग मधली तिरकस जागा चौकाच्या गोलाईत मुरवली. फरशीसुद्धा गोलाईच्या मापानंच बसवली आहे, कडेला मोठे दगड, मध्याकडे लहान. आपल्याकडच्या टाऊन प्लॅनिंगच्या एखाद्या आडमुठ्या प्लॉटवर इतकं देखणं उत्तर निघालेलं मी तरी पाहिलं नाही. मधोमध जो एकटा खांब उभा आहे तो मात्र आताचा. १९८१ पासून इथं दरवर्षी जेराश महोत्सव भरतो, त्याच्या ज्योतीसाठी उभारलेला.

झ्यूसच्या खालच्या आवारातल्या जुन्या बांधकामाच्या स्थपतीचं नाव लेखात आहे: झेबेदासचा मुलगा डायोडोरस, राहणार गेरासा. वर्ष ९०, म्हणजे इसवी सन २७-२८. मुलाचं नाव चांगलं ग्रीक, बापाचं अस्सल स्थानिक. एका पिढीत नाव बदललं. मुलाला इंग्रजी शाळेत घालून त्याचं नाव 'विकी' ठेवणारे पालक मला आठवले. वरचं मोठं देऊळ १६२-६३ चं, तेव्हा नावं आणखी बदलली असणार.

दक्षिण थिएटर पहिल्या शतकाच्या शेवटचं, सम्राट डोमिशियनच्या काळातलं. तीन हजारांच्या वर माणसं मावतात. खालच्या रांगांत आसनांना ग्रीक अक्षरांनी क्रमांक घातले आहेत. अल्फा, बीटा, गॅमा. मी माझी जागा शोधून बसले. पाचवी रांग, पाठीला दगड छान टेकतो. रंगमंचापुढच्या अर्धवर्तुळात मध्यभागी एक खूण केलेला दगड आहे. त्याच्यावर उभं राहून बोललं की स्वतःचा आवाज स्वतःच्याच कानात घुमतो, पाऊलभर बाजूला सरकलं की गेला. हे तिथं उभे राहून "मंडळी, उद्या पाणी कमी दाबानं येईल" असं खड्या आवाजात म्हणाले. वरच्या रांगेत बसलेल्या शाळेच्या सहलीनं टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात लाल चौकड्याचे रुमाल बांधलेले दोन वयस्कर गृहस्थ आले आणि त्यांनी चक्क बॅगपाइप वाजवायला घेतला. रोमन थिएटरात, अरबांच्या हाती, स्कॉटलंडचं वाद्य! ब्रिटिशांनी उभ्या केलेल्या अरब लीजनमधून हे जॉर्डनच्या लष्करात आलं आणि राहिलं. शाळेची पोरं नाचायला लागली. डायोडोरसच्या गावाला हे शोभतंच.

मग कार्डो, म्हणजे गावाचा मुख्य रस्ता. सरळ उत्तरेकडे सुमारे ८०० मीटर. दोन्ही बाजूंना खांब. मधल्या भागातले खांब पूर्वी आयोनिक होते. दुसऱ्या शतकात रस्ता रुंद केला तेव्हा बदलून कॉरिन्थियन बसवले. ते उंच आहेत. उत्तर टोकाचे मात्र जुनेच राहिले. रुंदीकरण तिथपर्यंत पोचलं नाही. ("दुसरा टप्पा," हे म्हणाले.) खांब सारख्या उंचीचे नाहीत, कारण मागच्या इमारतीच्या उंचीप्रमाणे ते घेतले. फरशी रस्त्याला तिरकी टाकली आहे, आणि तिच्यावर चाकोऱ्या. बोटभर खोल, कुठं चार बोटं. आपण 'चाकोरी' हा शब्द इतका वापरतो, पण दगडात पडलेली चाकोरी मी पहिल्यांदाच पाहिली. त्यात पावसाचं थोडं पाणी साचलं होतं आणि एक चिमणी अंघोळ करत होती.

आणि इथंच ह्यांचं दैवत प्रकट झालं. मॅनहोल. रस्त्याच्या मधोमध, ठरावीक अंतरावर, गोल दगडी झाकणं. मध्ये उचलायला भोकं. रस्त्याखालून अख्ख्या लांबीची भुयारी गटार जाते. ह्यांनी टेप काढली. मी म्हटलं, "अहो, लोक बघताहेत." ते गुडघ्यावर बसून एका भोकातून टॉर्च मारत होते. "ढाल बघ कसला दिलाय," म्हणाले, "आणि कडेला पन्हाळी. पावसाचं पाणी खांबांच्या पायाशी थांबतच नाही." खांबांच्या रांगेच्या कडेनं खरोखर दगडी गटारी होत्या आणि जागोजागी खाली उतरायची तोंडं. पुढचा तास आम्ही कार्डोवर खाली मान घालून चाललो. बाकी पर्यटक वर बघत होते. एका झाकणाची कड तुटली होती, तिथं ह्यांना फार वाईट वाटलं.

बाजूला मॅसेलम, म्हणजे मंडई. अष्टकोनी अंगण, मध्ये कारंजं, कडेनं दुकानं. मंडईत कारंजं कशासाठी, तर धुवायला. पुढे रस्ते एकमेकांना छेदतात तिथं चार चबुतरे. आणि मग निम्फियम.

निम्फियम म्हणजे सार्वजनिक कारंजं, इसवी सन १९१ मधलं. दोन मजली भिंत, खाली संगमरवर आणि वर रंगवलेला गिलावा. आत कोनाडे, त्यांत मूर्ती असायच्या, वर अर्धगोल छत. सिंहांच्या सात मुखांतून पाणी कुंडांत पडायचं, भरून वाहिलं की पुढच्या तोंडांतून गटारीत. त्या निचऱ्याच्या एका दगडावर चार मासे कोरलेत, तोंडाला तोंड लावून. बघणार कोण? पाण्याखाली गेल्यावर दिसणारही नव्हते. तरी कोरले. ह्यांनी त्या माशांचे सतरा फोटो काढले. माझा त्या दिवसाचा एकही नाही.

मी तिथं पायरीवर बसून मनाशी हिशोब घालत होते. अम्मानला आठवड्यातून एकदा पाणी, आणि इथं अठराशे वर्षांपूर्वी भर रस्त्यात अष्टौप्रहर धार. ह्यांनी लगेच मला जमिनीवर आणलं. "माणसं किती होती ते बघ आधी. आणि ही धार दाखवायची धार आहे. सम्राटाला दिसायला पाहिजे ना."

संध्याकाळी गावातल्याच एका घरगुती गेस्टहाउसवर मुक्काम. यजमानीणबाईंनी पहिलं काय विचारलं, तर थोरल्या मुलाचं नाव. समीर, म्हटलं. त्या एकदम खूश. समीर अरबीतही आहे! त्यांच्याकडे त्याचा अर्थ रात्री गप्पा मारत सोबत करणारा. आमच्याकडे वारा, मी हातवारे करून सांगितलं. तिथून पुढं मी 'उम्म समीर', समीरची आई, आणि हे 'अबू समीर'. सेज या सुगंधी झुडपाची पानं टाकलेला गोड चहा चार वेळा झाला. त्या पानांना ते मिर्मिया म्हणतात. वास थोडा कापरासारखा.

दिवस तिसरा : देवी आणि करवत

सकाळी लवकर आत शिरलो. रात्री पाऊस पडून गेला होता, दगडांच्या फटींतून लाल ॲनिमोन फुललेले, आणि कार्डोवर आमच्याशिवाय फक्त एक मेंढपाळ आणि त्याची चुकलेली शेळी.

गेरासाची ग्रामदेवता आर्टेमिस, ग्रीकांची शिकारीची देवी. गावाच्या नाण्यांवर ती आहे. देऊळ दुसऱ्या शतकाच्या मध्याला उभं राहिलं. कार्डोवरून वर चढायचा जिना सात टप्प्यांचा, प्रत्येक टप्प्यात सात पायऱ्या. माझ्या गुडघ्यांनी सगळ्या मोजल्या. वर पोचलं की आधी भलंमोठं मोकळं आवार आणि मग मंडपाचे खांब, चार मजली इमारतीएवढे. बारांपैकी अकरा अजून उभे आहेत. सन ७४९ च्या भूकंपात अख्खं गाव कोसळलं, हे उभे राहिले.

ते का, याचं प्रात्यक्षिक तिथल्या एका म्हाताऱ्या माणसानं दाखवलं. खिशातून चहाचा चमचा काढला, खांबाच्या तळच्या फटीत खुपसला आणि आम्हाला लांबून बघायला सांगितलं. वारा आला की चमच्याचा दांडा वर-खाली. खांब हलतोय! मी फटीत बोट घातलं आणि दगडाची चिमटी हळूच आवळल्यासारखी जाणवली. घाबरून ओढून घेतलं. दगडाचे तुकडे एकावर एक रचलेत, मध्ये चुना नाही, त्यामुळे खांब अख्खाच्या अख्खा डुलतो आणि जागेवर येतो. चमच्याच्या खेळाचा एक दिनार झाला. वसूल.

पण दिवसाचं खरं धन देवळात नव्हतं, त्याच्या आवाराच्या दक्षिणेकडच्या तळघरवजा खोलीत होतं. सहाव्या शतकात, जस्टिनियनच्या काळात, तिथं पाण्यावर चालणारी दगड कापायची करवत बसवली होती. फ्रेंच स्थापत्यज्ञ जाक सेन्य यांनी उरलेल्या खुणांवरून ती कशी असेल ते जुळवलं, आणि तिची प्रतिकृती ठेवली आहे. हे आत गेले ते दीड तास बाहेर आलेच नाहीत.

मला जेवढं समजलं तेवढं सांगते. वर टाकीतून पाणी एका मोठ्या लाकडी चाकावर पडतं. चाकाच्या आसाला दोन्ही बाजूंनी दांडा जोडलेला, तो पुढे-मागे होतो, आणि दांड्याला करवतीची चौकट. आपल्या शिलाई मशीनचा पायटा मागे-पुढे होतो आणि चाक गरगर फिरतं. इथं उलट, चाक फिरतं आणि करवत मागे-पुढे. प्रत्येक चौकटीत चार पाती, म्हणजे एका दमात तीन-चार फरश्या निघाव्यात. अशा पात्यांना दात लागत नाहीत. ओली वाळू टाकत राहायची, दगड वाळू कापते, पातं तिला नुसतं घासतं. फिरत्या गतीची सरळ गती करणाऱ्या अशा यंत्राचे जे अगदी जुने पुरावे जगात हाती लागलेत, त्यांतला हा एक.

आणि कापत काय होते? शेजारी अर्धवट कापलेले दगडाचे ढोल पडलेत. त्यांच्यावर समांतर चार चिरा सरळ आत गेलेल्या, मध्येच थांबलेल्या. हे ढोल खांबांचे आहेत. जुन्या इमारतींचे खांब आडवे करून त्यांच्या फरश्या पाडत होते, गावात एकामागून एक चर्च उठत होती त्यांच्यासाठी. देवीच्याच आवारात, देवीकडे येणाऱ्या पाण्यावर. मी त्या चिरेत हात घातला. आतली बाजू गुळगुळीत, नव्या ग्रॅनाइटच्या ओट्यासारखी, आणि टोकाला जिथं पातं थांबलं तिथं बारीक खरखर. कुणीतरी त्या दिवशी पाणी बंद केलं आणि घरी गेलं. पुन्हा आलं नाही, किंवा आलं आणि काम नव्हतं.

ह्यांनी बाहेर आल्यावर जाहीर केलं की रोमन लोकांचं त्यांना विशेष काही नाही, पण हा सहाव्या शतकातला मिस्त्री भेटायला पाहिजे होता.

चर्चं बघायची तर पंधराच्या वर आहेत. आम्ही तीन पाहिली. कॉस्मस आणि डेमियन या संतांचं चर्च ५३३ मधलं, त्याची मोझेइकची फरशी वरच्या भिंतीवरून खाली बघायची. चौकटी-चौकटींत पशुपक्षी, नक्षी, आणि देणगीदार थिओडोर व त्याची बायको जॉर्जिया दोन्ही हात वर करून उभे. देणगीदारांचे फोटो लावायची हौस जुनीच. जवळच एका चर्चखाली आधीच्या सिनेगॉगची, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाची, फरशी निघाली, नोहाच्या नौकेतून उतरणाऱ्या प्राण्यांची. ५३०-३१ मध्ये सिनेगॉगचं चर्च झालं. ते कसं झालं असेल, राजीखुशीनं की नाही, याचा अंदाज करायला फार इतिहास लागत नाही.

उत्तर थिएटर लहान आणि मला जास्त आवडलेलं. १६४-६५ चं. हे मुळात नगरसभेचं बसायचं ठिकाण, आणि आसनांवर गावातल्या गटांची नावं कोरलीत, कोणी कुठं बसायचं ते ठरलेलं. ह्यांनी सभागृहाचा पस्तीस वर्षांचा अनुभव असल्यासारखी मागची रांग पकडली.

माझ्या शिकवण्यात एक चूक व्हायची ती इथं कळली. रोमन, मग बायझंटाइन म्हणजे पूर्व रोमन, मग अरब आले आणि शहर संपलं, असं मी फळ्यावर बाण काढून सांगायचे. इथं ६१४ मध्ये इराणी आले, नंतर वीसेक वर्षांत मुस्लिम सत्ता आली, आणि गाव चालूच राहिलं. त्या चार चबुतऱ्यांच्या चौकाशेजारीच उमय्याद खलिफांच्या काळातली मोठी मशीद २००२ मध्ये सापडली, तिच्यातही जुनेच खांब. गाव मोडलं ते भूकंपानं, आणि तेही एकदम नाही. बाराव्या शतकात आर्टेमिसच्या देवळात दमास्कसवाल्यांची गढी होती, ती जेरुसलेमचा राजा दुसरा बाल्डविन याने पाडली. त्यानंतर जागा ओस पडत गेली. सीट्झन नावाचा जर्मन प्रवासी १८०६ मध्ये इथं आला, तेव्हा युरोपला गेरासा पुन्हा कळलं.

उतरताना माझ्या बुटाचा तळवा सुटला. महागातला, 'ट्रेकिंगसाठी खास'. निम्फियमसमोर मी एका पायात बूट आणि एका हातात तळवा घेऊन उभी. ह्यांनी खिशातून प्लंबरची पांढरी टेप काढली आणि गुंडाळून दिली. ती परतीच्या प्रवासापर्यंत टिकली.

दिवस चौथा : दोन तळी

आज अवशेषांच्या कुंपणाबाहेरचं. उत्तरेला दीडेक किलोमीटरवर बिरकेतेन. अरबीत 'बिरका' म्हणजे तळं, आणि 'बिरकेतेन' दोन तळी. संस्कृतसारखं अरबीतही द्विवचन आहे हे मला यजमानीणबाईंमुळे कळलं. मधल्या भिंतीनं दोन भाग केलेला दगडी हौद, सुमारे ८८ मीटर लांब आणि ४३ रुंद, झऱ्याच्या पाण्यावर. शेजारी लहानसं थिएटर. इथं मायुमास नावाचा जलोत्सव चालायचा. तो इतका रंगेल होता की ख्रिस्ती धर्मगुरू त्यावर सतत चिडायचे. तरी ५३५ चा एक लेख सांगतो की उत्सव तेव्हाही झाला. म्हणजे करवत चालू, चर्चं उठताहेत, आणि गाव पाण्यात खेळतंय. हे तळ्याच्या कडेनं पूर्ण फेरी मारून आले. आत शेवाळ आणि दोन प्लॅस्टिकच्या बाटल्या. काही बोलले नाहीत.

परत गावात आलो. जुन्या शहराच्या मधून वाहणाऱ्या ओढ्याला ग्रीक लोक क्रायसोरोआस म्हणत, सोनवाहिनी. त्याच्या पश्चिमेला अवशेष, पूर्वेला आजचं जेराश. १८७८ मध्ये ऑटोमन सरकारनं कॉकेशसमधून निर्वासित झालेल्या सर्केशियन लोकांना इथं वसवलं. त्यांनी हाताशी असलेला घडीव दगड घेतला आणि घरं बांधली. तेव्हाच्या माणसाला दुसरं काय सुचणार? म्हणजे रोमन गेरासाचा अर्धा भाग आजच्या बाजारपेठेखाली आहे. पूर्वेचे स्नानगृह तेवढे वर राहिलेत. एस.टी. स्टँडसारख्या गजबजाटात या प्रचंड कमानी, समोर मोबाइलची दुकानं, एका कमानीच्या सावलीत टरबुजाची गाडी. तिकीट नाही, कुंपणापलीकडे मांजरी. मला पश्चिमेच्या चकाचक अवशेषांपेक्षा ही कमान जास्त गेरासाची वाटली. टरबूज घेतलं.

दुपारी अम्मानला निघायचं होतं, रात्री तिथं मुक्काम आणि पहाटेचं विमान. बॅगा गाडीत गेल्या, पण 'अबू समीर' कुठं दिसेनात. यजमानीणबाईंनी वर बोट दाखवलं. त्या दिवशी त्यांच्या गल्लीत पाणी आलं होतं. गच्चीवर यजमान आणि हे, बाह्या सरसावून, टाकीत डोकं घालून बसलेले. फ्लोटचा वॉल्व्ह नीट बसत नव्हता आणि टाकी भरून पाणी वाया जात होतं. एकाला अरबी येत होतं, एकाला मराठी. पाना मात्र बरोबर वेळेला या हातातून त्या हातात जात होता.

ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला. मी खाली बसून पाचवा चहा घेतला.